उंबऱ्याचा सूर

"सगळ्या गावच्या पोरी सासरी घालवल्या त्या नळीनं. घरातलं मात्र कधी पावशेर पीठ दळून आणलं न्हाई."

हे कुणीतरी माझ्या उजव्या कानात पुटपुटलं. इतक्या जवळून, की मी पदर सावरून मागे वळले. मागे कुणीच नव्हतं. दोरीवर टांगलेल्या वाकळा होत्या, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या. समोर खुर्चीत मामा, त्यांच्या मांडीवर सॅक्सोफोन. आणि मधे टेबलावर नवाकोरा, सोनेरी जाळीचा माईक. बोलणाऱ्या आत्ती स्वयंपाकघरात होत्या, आम्ही बसलो होतो त्या सोप्याच्या पलीकडे, बंद दाराआड. मी हेडफोन काढला तर घर चिडीचूप. परत लावला, तर त्या लसूण सोलत होत्या तेसुद्धा ऐकू येत होतं.

"आला का सूर?" मामांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं. "पण आत्तीपण आल्यात."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. माझे मामा म्हणजे तातोबा वायदंडे, नवरंग ब्रास बँडचे सॅक्सोफोनवाले. ही गोष्ट आम्ही इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीत राहत होतो तेव्हाची. आता घरात बसून रेकॉर्डिंग करणारी पोरं पैशाला पासरी झालीत. तेव्हा आमच्या गल्लीत ते करणारी मी एकटी होते, आणि मीही कुठे शिकलेली नव्हते. मी ब्लाउज शिवायचे. मशीनशेजारी मोबाईल उभा करून कटोरी ब्लाउजचा व्हिडिओ बघत होते, तो संपला आणि आपोआप एक दाढीवाला माणूस माईकबद्दल बोलायला लागला. बंद करायला हात रिकामे नव्हते. माझं सगळं शिक्षण असं झालेलं आहे.

माईक लागला तो प्रतीक्षामुळे. प्रतीक्षा ही माझ्या नणंदेची मुलगी, मामांची एकुलती एक नात, सांगलीला असते. तिचं लग्न ठरलं, आणि तिनं फोनवर एकच मागितलं. लग्नात डीजे असणार होता, ते तिच्या हातात नव्हतं. पण पाठवणीला आजोबांचंच वाजवणं पाहिजे.

मामांची पाठवणीची धून पंचक्रोशीत माहीत होती. तिच्या शेवटी एक लांब सूर आहे. बँडवाले त्याला उंबऱ्याचा सूर म्हणतात. मुलगी रडत रडत दाराशी येते, आईच्या गळ्यात पडते, पुन्हा मागे वळते, आणि तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तो सूर तुटू द्यायचा नाही. सूर मधे तुटला तर अपशकुन, असं बायका म्हणायच्या. मामा म्हणायचे, अपशकुन कसला, पण मग त्या पोरीला वाटतं की आपल्याला आता कुणी धरून ठेवत नाही. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाचा बाप स्वतःच वाजवायला उभा राहिला म्हणून माझ्या माहेरचे हसले होते. मी उंबऱ्यात थांबले ती थांबलेच. आईचा पदर सोडवत नव्हता. शेवटी रडणं संपलं, आता लाजच वाटायला लागली, तरी तो सूर चालूच. मी डोळे पुसून बघितलं तर वरबापाचा चेहरा वांग्यासारखा झालेला आणि डोळे मात्र माझ्याकडे, सावकाश ये म्हणणारे.

तर प्रतीक्षाला तोच सूर हवा होता. पण मामांना लग्नात उभं राहून वाजवणं शक्य नव्हतं, त्यांचे गुडघे गेले होते. गुडघे हे आमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. मामांनी बँड सोडला तो गुडघ्यांमुळे. जिना चढताना ते मधे थांबायचे ते गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी तोंडात मारायचा फवारा दिला होता, आणि त्यात आमच्या घरात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

म्हणून असं ठरलं की धून घरीच, बसून, निवांत रेकॉर्ड करायची आणि पाठवणीला मोठ्या भोंग्यांवर लावायची. आणि त्यासाठी एक परवडणारा माईक घ्यायचा.

पहिला माईक जावईबापूंनी पाठवला. विलासराव, प्रतीक्षाचे वडील, पेशानं शिक्षक. पण त्यांचं खरं काम सूत्रसंचालन. सत्कार, उद्घाटन, पुण्यतिथी, काही असो, माईक विलासरावांच्या हातात. त्यामुळे माईकमधलं आपल्याला सगळं कळतं असं ते समजत. त्या न्यायानं ताटावर बसणाऱ्या प्रत्येकाला स्वयंपाक यायला हवा. त्यांनी कॉलरला लावायचा, चिमट्याचा, हरभऱ्याएवढा माईक पाठवला आणि फोनवर सांगितलं, की हा थेट सॅक्सोफोनच्या तोंडाला लावा, सगळा आवाज तिथूनच येतो.

लावला. मामांनी फुंकर घातली, आणि जे ऐकू आलं ते ऐकून सर्जेराव, म्हणजे मामांचा मुलगा आणि आमचे मालक, म्हणाले की ह्यापेक्षा बदक पाळू. पण हे आम्ही आपसात. जावयानं पाठवलेली वस्तू वाईट कशी म्हणणार? जावयाचा मान राहिला पाहिजे म्हणून आम्ही सांगितलं, माईक उत्तम आहे, मागांचा खडखडाट येतोय. विलासरावांनी तत्परतेनं मान्य केलं. मागांना काही मान नसतो, त्यांच्यावर काहीही ढकलता येतं.

मग सर्जेराव बाजारात गेले आणि मोबाईलच्या दुकानातून तो सोनेरी जाळीचा माईक घेऊन आले. दुकानदारानं सांगितलं होतं, ह्याला सगळं ऐकू येतं. तो शब्दाला जागला. माग बंद असलेल्या सुट्टीच्या वारी, दारं-खिडक्या लावून, वाकळा टांगून आम्ही बसलो, आणि त्या माईकनं कबुतरं ऐकली, शेजारच्या घरातला पंखा ऐकला, आत्तींचा लसूण ऐकला आणि ते पीठ दळून न आणण्याचं सगळं प्रकरण ऐकलं.

आणखी एक ऐकलं. सुरांच्या मागे बारीक शीळ. सुंऽऽ करून यायची, थांबायची, परत यायची.

"करंट येतोय," सर्जेराव म्हणाले. ते मागांच्या मोटारी दुरुस्त करायचे. जगात जे काही बिघडतं ते अर्थिंग नसल्यामुळे, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. परसात त्यांनी कमरेएवढा खड्डा खणला, त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, तांब्याची पट्टी पुरली. आत्तींनी दारात उभं राहून विचारलं की एवढं मीठ घालताय तर लोणचं तरी घालायचं. अर्थिंग झालं, गल्लीतलं सगळ्यात उत्तम. आम्ही परत बसलो.

सुंऽऽ.

मामांनी सॅक्सोफोन तोंडापासून काढून मांडीवर ठेवला. मी हेडफोन लावूनच होते. सूर बंद झाला होता, शीळ चालू होती. मामा माझ्याकडे बघत होते. मी मोबाईलकडे बघत होते.

"वायर हलकी असेल," मी म्हटलं.

"वायरच," मामा लगेच म्हणाले. "हल्ली वायरी कुठं चांगल्या मिळतात."

तेव्हापासून मी माईकचा अभ्यास मनावर घेतला. दाढीवाल्याचं म्हणणं असं, की घरात, जिथे भिंती उघड्या आणि माणसं बोलकी, तिथे सगळं ऐकणारा नाजूक माईक घेऊच नये. गाणारे हातात धरतात तसला साधा, धट्टाकट्टा माईक घ्यावा, जुना मिळाला तरी चालेल. त्याला जवळचं तेवढं ऐकू येतं, लांबचं तो सोडून देतो. आणि सॅक्सोफोनचा आवाज नुसता तोंडातून येत नाही, वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या भोकांतून येतो. म्हणून माईक तोंडात न कोंबता हातभर दूर, मधोमध धरावा. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "जल्मभर वाजवलं, मला वाटायचं मी फुडून वाजीवतोय."

लांबचं सोडून देणारा माईक. मला त्याचा हा गुण फार आवडला. आमच्या घराला तसाच हवा होता.

तो घ्यायला मी आणि मामा कोल्हापूरला गेलो. त्यांनी बँडचा जुना लाल कोट घातला होता, बटणांसकट. एसटी स्टँडपासून दुकान काही फार लांब नव्हतं, पण मामांना वाटेतल्या पाट्या वाचायचा नाद होता. थोडं चालायचं, थांबायचं, कंबरेवर हात ठेवून एक पाटी वाचायची. "आमचे येथे सर्व प्रकारचे टायर मिळतील." मग पुढे चालायचं. "दातांचा दवाखाना, पहिला मजला." मी शेजारी उभी राहून तीच पाटी वाचायचे. एका ठिकाणी पाटीच नव्हती, नुसती भिंत होती, तर मामांनी तिचा रंग वाचला. म्हणाले, "डिस्टेंपर चांगला मारलाय."

दुकान साउंड सर्व्हिसवाल्याचं होतं. त्यानं लाल कोट ओळखला. त्याच्या बहिणीच्या पाठवणीला मामांनी वाजवलं होतं. त्यानं कपाटातून एक वापरलेला माईक काढला, जाळी एका बाजूनं चेपलेली, आणि सोबत मोबाईलला जोडायची छोटी पेटी. पैसे परवडतील एवढेच घेतले. मग मामांना म्हणाला, "उंबऱ्याचा सूर अजून तसाच लागतो ना हो? माझी बहीण अजून काढते आठवण."

"त्याला काय झालंय," मामा म्हणाले. "गुडघे तेवढे गेलेत."

दुकानदारानं मामांच्या खालीवर होणाऱ्या लाल कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला की गुडघ्यांचं फार अवघड असतं.

तो माईक खरोखर चांगला होता. कबुतरं गेली, पंखा गेला, शीळ पुष्कळ मागे सरली. मामांचा सूर असा आला की मी हातातलं काम टाकून ऐकत राहिले. गोड, थोडा खरखरीत, पिकल्या माणसासारखा. धुनेची पहिली ओळ झाली, दुसरी झाली, उंबऱ्याचा सूर सुरू झाला. आणि स्वयंपाकघरातून परात पडली.

पितळी परात. ती पडल्यावर चेपलेल्या जाळीच्या माईकलाही सोडून देता येत नाही.

"हात निसटला," आतून आत्ती म्हणाल्या.

परत केलं. परत तिथवर आलो, आणि खलबत्ता सुरू झाला. पुढच्या सुट्टीच्या वारी डबा पडला. त्यानंतर आत्तींनी ऐन सुरात खिडकीतून भाजीवालीला हाक मारली, जी मागच्या गल्लीत होती आणि ती आमची भाजीवाली नव्हती. सर्जेराव आईवर चिडले. नणंदेनं फोनवरून सुनावलं, की नातीच्या लग्नाचं एवढंसं काम आणि तुला पाच मिनिटं गप्प बसवत नाही. विलासरावांनी सूत्रसंचालनाच्या सुरात शांततेचं महत्त्व सांगितलं. आत्तींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. वर पुटपुटल्या, "मी काय ह्या घरात कधी गप्प बसलीये का, जे आता बसू."

मामांचं वेगळंच. प्रत्येक वेळी परात पडली की ते सॅक्सोफोन खाली घ्यायचे, डोळे मिटून पाठ टेकायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे. चांगला लागला होता, हिनं घालवला." आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. परीक्षेच्या दिवशी शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरासारखे दिसायचे.

ते सगळे फसलेले तुकडे अजून माझ्याकडे आहेत. तेव्हा त्यातूनच काहीतरी जोडून घ्यावं म्हणून मी ब्लाउज बाजूला ठेवून ते एकामागून एक ऐकायला बसले. एक बाही इथली, एक तिथली, असं करून कपडा होतो. सूरही होईल असं वाटलं. पण उंबऱ्याचा सूर कुठेच पुरा नव्हता. परात पडायच्या आधी तो प्रत्येक वेळी किंचित हलत होता. दिवा विझायच्या आधी हलतो तसा. तो हलला, की परात. हलला, की खलबत्ता. हलायच्या आधी एकदाही नाही.

पुढच्या वेळी मी मोबाईल सुरू केला, मामांना खूण केली आणि पाय न वाजवता स्वयंपाकघराचं दार लोटलं. शेगडी बंद होती. चिरायला काही नव्हतं, कुटायला काही नव्हतं. आत्ती भिंतीला कान लावून उभ्या होत्या, परात दोन्ही हातांत छातीशी धरून. डोळे मिटलेले. ओठ आवळून, मामांच्या बरोबरीनं त्याही श्वास धरून होत्या. सूर हलला. त्यांनी डोळे उघडले, मी दिसले, आणि माझ्याकडे बघत त्यांनी परात सोडली.

आम्ही दोघी त्या परातीकडे बघत राहिलो, ती गरगर फिरून थांबेपर्यंत.

"काय झालं गं?" बाहेरून मामांनी विचारलं.

"आत्तींचा हात निसटला," मी म्हटलं.

लग्नाच्या आधी केळवणाला सगळे आमच्याकडे आले. प्रतीक्षा, तिची आई, विलासराव. मुद्दाम मागांच्या सुट्टीचा वार धरला होता. पुरणपोळ्या झाल्या, प्रतीक्षाला साडी झाली, आणि विलासरावांनी जाहीर केलं की आता रेकॉर्डिंग त्यांच्या देखरेखीखाली होईल, कारण आमच्याकडे नियोजनाचा अभाव आहे. आत्तींना त्यांनी हात जोडून विनंती केली, की आपण आज आत न थांबता इथे बाहेरच बसावं.

आत्ती परातीतल्या उरलेल्या पोळ्या झाकत होत्या. परात तशीच हातात घेऊन त्या येऊन दाराशी बसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

विलासरावांनी माईकजवळ जाऊन घसा साफ केला आणि "सुस्वागतम" म्हणाले. मी सांगितलं की मामा एकटेच वाजवणार आहेत, निवेदन नको. ते जरा खट्टू होऊन मागे सरले.

"पोरी," मामा प्रतीक्षाला म्हणाले, "तू तिथं उंबऱ्यात उभी ऱ्हा. खरं जायचं असल्यागत. मला अंदाज येईल."

प्रतीक्षा हसत उठली आणि सोप्याच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मामांनी लाल कोटाचं वरचं बटण काढलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ झाली तेव्हा प्रतीक्षाचं हसू गेलं. दुसऱ्या ओळीला माझी नणंद पदर तोंडाला लावून बसली. मग तो सूर लागला. प्रतीक्षानं वळून आईकडे बघितलं, मग वडिलांकडे, आजीकडे, माझ्याकडे. खरं जाणाऱ्या मुली बघतात तसं, एकेकाला पुरं बघून. सावकाश. तिला काय माहीत.

सूर हलला.

मी आत्तींच्या हातांकडे बघितलं. त्यांनी परात उचलली होती. बोटं पांढरी पडली होती. मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली, अजिबात आवाज न करता, तान्हं मूल झोपलं की ठेवतात तशी.

सूर तुटला. प्रतीक्षाचा पाय अजून उंबऱ्याच्या आतच होता. मागे राहिली ती नुसती शीळ, आता हेडफोनशिवाय सगळ्यांना ऐकू येणारी. मामांच्या छातीवरचा लाल कोट वर जायचा, खाली यायचा.

मग सगळे एकदम बोलायला लागले. विलासराव म्हणाले, जुना माईक घेतला तिथेच चुकलं, त्यांना आधीच विचारायला हवं होतं. सर्जेराव म्हणाले, पट्टी पावसात गंजली असणार, उद्या खड्डा उकरून बघतो. नणंद म्हणाली, जेवणावर लगेच वाजवायला बसवलं, पुरण जड असतं. मी म्हटलं, माईक हातभरापेक्षा लांब राहिला, माझीच चूक. मामा घाम पुसत सगळ्यांना मान डोलवत होते. व्हय, माईकच. व्हय, वायर. बोलायला जमलं तेव्हा म्हणाले, "दुसरा आणूया. अजून येळ हाय."

"माईकला काय बी झाल्यालं न्हाई," आत्ती म्हणाल्या.

त्या उठून मामांच्या खुर्चीशी गेल्या. त्यांच्या मांडीवरचा सॅक्सोफोन घसरत होता, तो त्यांनी एका हातानं धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला असावा, उलटाच धरला होता.

"दम सरलाय ह्यांचा. कवाचाच," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या नातीकडे वळल्या. "तू रडायचं ते आधी रडून घे, बाळ. ह्यांचा सूर लागला की मागं वळून बघू नको. उंबरा लवकर वलांड."